न धरलेली मासळी कोणाची?

तंजावर जिल्ह्यात जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याला विशेष महत्त्व आहे. धरणात पुरेसे पाणी असेल त्या वर्षी १२ जून रोजी मेट्टूरचे दरवाजे उघडतात आणि कावेरीचे पाणी कुरुवै नावाच्या भातपिकासाठी त्रिभुज प्रदेशाकडे निघते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जूनला, किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांची ६१ दिवसांची मासेमारी-बंदी संपते. ओरत्तनाडूचा शेतकरी आणि मल्लिपट्टिणमचा मच्छीमार एकाच आठवड्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

वरवर पाहता दोघांची प्रतीक्षा सारखीच. परंतु थोडा विचार केला की दोहोंतील भेद ध्यानात येतो. शेतकरी वाट पाहतो ती पाणी नाही म्हणून. मच्छीमार वाट पाहत असतो तेव्हा समुद्र त्याच्या दारात असतो, नौका सज्ज असते, जाळे दुरुस्त झालेले असते आणि पाण्यात मासळीही असते. ती धरू नये, एवढेच त्याला सांगितलेले असते. का, तर मादीला अंडी घालू द्यावीत, पिलांना वाढू द्यावे, म्हणजे पुढे मासळी अधिक मिळेल. हा उपदेश शहाणपणाचा आहे ह्यात शंका नाही. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्या शहाणपणाच्या पोटात असलेल्या नैतिक प्रश्नाचा. आज ज्याच्या घरी चूल पेटावयाची आहे त्याने अजून न जन्मलेल्या मनुष्यासाठी हात आवरावा, असे त्याला कोणी व कोणत्या अधिकाराने सांगावे? आणि आवरलेल्या हाताचे फळ शेजाऱ्याच्याच जाळ्यात पडणार असेल, तर त्याने तो का आवरावा?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला बृहदीश्वराचे मंदिर, सरस्वती महाल आणि भोसल्यांचे राज्य आठवते. ह्या जिल्ह्याला समुद्रही आहे हे इकडे बदलून आलेल्यांनाही पुष्कळदा उशिरा कळते. अदिरामपट्टिणम, मल्लिपट्टिणम, सेतुभावाचत्रम ही त्या किनाऱ्यावरील गावे. चत्रम म्हणजे छत्र, धर्मशाळा; रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी मराठा राजांनी अशी छत्रे बांधली होती. गावांपुढचा समुद्र हा पाल्कचा उपसागर. तो उथळ आहे. पुष्कळ ठिकाणी त्याची खोली पंधरा मीटरही भरत नाही. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत असल्यामुळे तेथे सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. त्या कुरणांत कोळंबीची व माशांची पिले वाढतात, खेकडे आसरा घेतात, आणि तामिळ लोक जिला कडल पसु म्हणतात ती समुद्रगाय चरते. अशा तळावरून ट्रॉल ओढला जातो. ट्रॉल म्हणजे तोंड उघडे ठेवलेली जाळ्याची एक प्रचंड पिशवी. तिला हवी असते कोळंबी. पण ती नको असलेली पिले, शंख आणि मुळासकट उपटलेले गवतही वर आणते. माणसाच्या ताटात न येणारी ती पिले मासळीच्या कुटाराच्या कारखान्याकडे जातात.

हा ट्रॉल येथे आला कसा, हे विसरून चालणार नाही. आजही त्याचा दोष लोभी मालकांवर टाकून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो विज्ञानाचे आणि शासनाचे बोट धरून आला. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ ह्यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी केरळच्या नींडकरा भागात यांत्रिक नौकांची योजना सुरू झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या भुकेल्या देशाला अन्न मिळावे, गरीब मच्छीमाराचे कष्ट कमी व्हावेत, हा हेतू होता आणि तो निखळ होता. पुढे परदेशांत कोळंबीला मोल आले, कर्जे मिळाली, अनुदाने मिळाली, आणि पूर्व-पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर ट्रॉलर पसरले. काल ज्या शास्त्राने 'धरा' म्हणून सांगितले तेच आज 'थांबा' म्हणून सांगत आहे. मच्छीमार त्याच्याकडे संशयाने पाहतो ह्यात नवल ते काय?

तथापि ह्यावरून जुन्या काळी सारे काही पवित्र होते असा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. कोकणातील कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच पाण्यात उतरतात. ही प्रथा सुंदर आहे आणि तिच्यात कृतज्ञता आहे. परंतु शिडाच्या होडीला खवळलेल्या दर्यावर जाता येत नव्हते, हेही तिच्यात आहे. कोरोमंडळच्या किनाऱ्यावरील कट्टुमरमला, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांच्या तराफ्याला, हीच मर्यादा होती. माणसाचे सामर्थ्य तोकडे होते म्हणून समुद्र सुरक्षित होता. ज्याला घेताच येत नाही त्याच्या न घेण्याला आपण त्याग म्हणत नाही. समुद्रापुरता संयमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास आला तो इंजिनाबरोबर. समुद्राला राखणारी बाहेरची भिंत पडली, आणि आता ती राखावयाची तर माणसाच्या बुद्धीने व निश्चयानेच राखावी लागेल. शास्त्राधारित मत्स्यव्यवस्था ह्या जड शब्दाचा अर्थ आमच्या मते एवढाच आहे.

हे शास्त्र काय करते? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना १९४७ साली झाली. दोन तपांहून थोडा कमी काळ तिचे ठाणे येथून जवळच, रामेश्वराच्या अलीकडे मंडपम येथे होते. १९७१ साली मुख्यालय कोचीनला गेले, तरी मंडपमचे केंद्र आजही काम करते. समुद्रातील मासे कोणालाही मोजता येत नाहीत. म्हणून ही माणसे धक्क्यावर उभी राहून उतरलेली मासळी मोजतात. कोणत्या नौकेने किती तास जाळे ओढले, किती मासळी आणली, तीत कोणत्या लांबीचे मासे किती, किती माद्यांच्या पोटात गाभोळी आहे, ह्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते. तासागणिक मिळणारी मासळी घटत चालली, मोठे मासे दिसेनासे झाले आणि एकदाही अंडी न घातलेल्यांचीच भरती होऊ लागली, म्हणजे साठा खचत आहे असे समजावे. आम्हां कारकुनांना हे चटकन उमगावे. टपाल कार्यालयातील बचत खात्यावरचे व्याज खावे, मुद्दल खाऊ नये, हाच तो हिशेब. बंदीचा काळ, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे भोक ४० मिलिमीटरहून लहान नसावे हा नियम, किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक नौकांना वर्ज्य करणारा तामिळनाडूचा १९८३ चा कायदा, ही सारी मुद्दल राखण्याचीच साधने आहेत. मंडपमच्या केंद्राने तर हिरव्या वाघी कोळंबीची कोट्यवधी पिले वाढवून पाल्कच्या उपसागरात सोडली. मुद्दलात भर घालण्याचाच हा प्रयत्न होय.

परंतु ही उपमा एका जागी तुटते, आणि जेथे ती तुटते तेथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. बचत खात्याच्या पुस्तकावर नाव असते. शेतकरी उपाशी राहील पण बियाणे खाणार नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण ते बियाणे त्याच्याच शेतात पडावयाचे असते. समुद्राच्या खात्यावर कोणाचेही नाव नाही. मी आज सोडलेला मासा उद्या मलाच मिळेल ह्याची हमी नाही. बहुधा तो पलीकडच्या नौकेला मिळेल. अशा स्थितीत एकट्याचा संयम म्हणजे दुसऱ्याला दिलेली देणगी ठरते, आणि सगळेच असा विचार करू लागले की समुद्र रिकामा होतो. ह्यात कोणीही दुष्ट असण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक जण आपल्या मुलाबाळांसाठीच धडपडत असतो, आणि सर्वांच्या मिळून मुलाबाळांचे नुकसान होते.

१९६८ साली गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा पेच मांडला, तेव्हा अनेकांना वाटले की सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे. तिची खासगी वाटणी तरी करावी, नाहीतर ती शासनाच्या दंडुक्याखाली तरी ठेवावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसरी वाट दाखविली. तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमार चिठ्ठ्या टाकून जागा ठरवितात व पाळीपाळीने त्या बदलतात, असे तिने दाखवून दिले. २००९ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. पण पाळीचे हे तत्त्व समजून घेण्यासाठी तुर्कस्तानला जाण्याचे कारण नाही. पाल्कच्या उपसागरात ट्रॉलरांनी आठवड्यातील ठरलेल्या तीन दिवशीच जावे व उरलेले चार दिवस लहान नावांना सोडावेत, अशी व्यवस्था रूढ आहे. ती पूर्णपणे पाळली जाते असे नाही. तिच्यामागे जाळी फाटल्याची, हाणामारीची कटू आठवण आहे. तरीही समुद्राचे दिवस वाटून घेता येतात, ही कल्पना ह्या किनाऱ्याला परकी नाही.

ती परकी नसण्याचे कारण कदाचित पाठीमागच्या भातखाचरांत असेल. त्रिभुज प्रदेशातील जीवन पाण्याच्या वाटणीवर उभे आहे. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापासून पाणी फाटत फाटत, कालव्यातून पाटात आणि पाटातून शेतात जाते. जेथे ते सर्वांत शेवटी पोचते त्या भागाला तामिळमध्ये कडैमडै म्हणतात, म्हणजे शेवटच्या पाटावरची जमीन. पट्टुक्कोट्टै व पेरावूरणी भागांतील पुष्कळ गावे अशीच शेवटची. धरण उघडल्याची बातमी सगळीकडे होते, पण पाणी कडैमडैला पोचले का, हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारावा लागतो. वरच्याने आपल्या गरजेपुरतेच घेतले तरच खालच्याला मिळते, आणि खालच्याला वरच्याचा हात धरता येत नाही. आम्हांस असे वाटते की येणाऱ्या पिढ्या ह्या काळाच्या कालव्यावरील कडैमडैच होत. त्या आमच्या खाली आहेत. आम्ही घेऊन उरेल ते त्यांचे. त्यांची तक्रार आमच्या कचेरीत कधीच दाखल होणार नाही. म्हणूनच त्यांच्या वतीने कोणीतरी दरवाजा अडवून धरणे भाग आहे.

येथवर आले की पुष्कळ लेखक समाधानाने लेखणी खाली ठेवतात. आम्हांस मात्र खरी अडचण येथूनच पुढे दिसते. साठा टिकविण्यासाठी किती धरावे ह्याचे उत्तर शास्त्र देऊ शकते. कोणी उपाशी राहावे ह्याचे उत्तर शास्त्रापाशी नाही. आणि व्यवहारात हे दुसरे उत्तर आपोआप दिले जाते: ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे, तोच सर्वांत आधी थांबतो.

हिशेब करून पाहू. बंदीच्या काळात तामिळनाडू सरकार मच्छीमार कुटुंबास साहाय्य देते. २०२३ साली ते ५,००० रुपयांवरून ८,००० रुपये करण्याचे घोषित झाले. एकसष्ट दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे १३१ रुपये होतात, आणि ते एका माणसाचे नसून कुटुंबाचे आहेत. नौकेच्या मालकाचेही नुकसान होते. पण त्याच्यापाशी निदान नौका आहे, पत आहे. वाट्याने काम करणाऱ्या खलाशाजवळ त्याचे दोन हात असतात. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या, खारवणाऱ्या, टोपली घेऊन आतल्या गावांत विकणाऱ्या स्त्रियांचे नाव तर नौकेच्या कोणत्याही कागदावर नसते. त्यांचा संयम कोणी मोजत नाही. आम्हां नोकरदारांची गोष्ट वेगळी. आम्ही थांबतो तेव्हा आमची रजा पगारी असते. महिन्याच्या अखेरीस वेतन खात्यावर जमा होणाऱ्याने समुद्राच्या वतीने उपासाचा उपदेश करणे फार स्वस्त आहे, आणि स्वस्त उपदेशाला नैतिक वजन कितपत असते ह्याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

दुसरी अडचण सीमेची. पाल्कच्या उपसागराच्या मध्यातून भारत व श्रीलंका ह्यांची सागरी सीमा जाते. ती १९७४ व १९७६ च्या करारांनी ठरली. मासे अर्थातच ती जाणत नाहीत. पलीकडे जाफन्याकडचे मच्छीमारही तामिळच. यादवी युद्धामुळे त्यांना वर्षानुवर्षे समुद्र बंद होता. २००९ साली युद्ध संपल्यावर ते परत पाण्यात उतरले, तो आपल्या किनाऱ्याचे ट्रॉलर त्यांच्या बाजूस येऊन त्यांची जाळी तोडीत असलेले त्यांना दिसले. २०१७ साली श्रीलंकेने तळ खरवडणाऱ्या ट्रॉलवर कायद्याने बंदी घातली. आपले मच्छीमार पकडले जातात, तुरुंगात पडतात, नौका जप्त होतात, आणि त्या दुःखाने आपण व्यथित होतो. ते योग्यच आहे. पण पलीकडच्या गरिबाचे दुःख मोजावयास आपल्याजवळ वेगळे माप असू नये. सीमेच्या पलीकडचा मच्छीमार हाही एक कडैमडैच आहे.

ह्यावर उपाय म्हणून २०१७ साली ट्रॉलर सोडून खोल समुद्रात सुरमई-कुपा धरणाऱ्या नौका घेण्याची योजना निघाली. २,००० ट्रॉलर बदलावेत असा संकल्प होता. एका नौकेची किंमत ८० लाख रुपये धरली होती. तीपैकी ७० टक्के केंद्र व राज्य सरकारे देणार, १० टक्के मालकाने घालावे आणि २० टक्के कर्ज काढावे. म्हणजे मालकाच्या अंगावर २४ लाख आले, शिवाय दिवसचे दिवस दूर समुद्रात राहण्याची सवय नव्हती. संकल्पाच्या मानाने फारच थोड्या नौका बदलल्या. योजना चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. पण माणसाने आपला धंदा बदलावा असे कागदावर लिहिणे सोपे असते, आणि त्या माणसाच्या जागी उभे राहून ते वाचणे कठीण असते, एवढे ह्यावरून दिसते. शेजारी राष्ट्रांना एकत्र येऊन मासा राखता येतो हेही खरे आहे. नॉर्वे व सोव्हिएत रशिया ह्यांनी शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९७० नंतरच्या दशकात, संयुक्त आयोग नेमून बॅरेन्ट्स समुद्रातील कॉड माशाचा वाटा ठरविण्यास आरंभ केला. परस्परांवर प्रेम असण्याची तेथे गरज पडली नाही. एकच आकडा दोघांनी मान्य करण्याची पडली.

कोणी म्हणेल, शास्त्राचा आकडाच निश्चित नसतो, मग त्यापायी लोकांस कष्ट का द्यावेत? आक्षेप खोटा नाही. केरळात तारलीचे उत्पादन २०१२ साली चार लाख टनांच्या घरात होते. २०२१ साली ते साडेतीन हजार टनांच्याही खाली आले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाख टनांच्या आसपास गेले. ह्यात जाळ्याचा वाटा किती आणि समुद्राच्या तापमानाचा किती, ह्याचा वाद शास्त्रज्ञांतही आहे. परंतु अनिश्चितता ही दोन्हीकडे कापते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉड अमाप आहे अशा विश्वासावर मासेमारी चालू राहिली. १९९२ च्या जुलैत ती बंद करावी लागली तेव्हा सुमारे तीस हजार लोकांचा धंदा एका दिवसात बुडाला, आणि व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय व्हावयास २०२४ साल उजाडले. दोन महिन्यांची बंदी ज्यांना सोसत नाही त्यांनी बत्तीस वर्षांची बंदी कशी सोसावी? चूक होण्याचा संभव दोहोंकडे असेल, तर जी चूक दुरुस्त करता येते तिच्या बाजूने झुकावे, हे व्यवहाराचे व नीतीचे सारखेच सूत्र आहे.

महाराष्ट्रातील वाचकांनी ही गोष्ट दूरची समजू नये. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटचे माहेर. तेथील मोठे पापलेट कमी होत गेले आणि डोल जाळ्यांत पिले सापडत राहिली. पिले विकून येणारे पैसे आणि तीच पिले वाढल्यावर आले असते ते पैसे ह्यांतील अंतर कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. अडचण पुन्हा तीच: मी सोडली तरी दुसरा धरील. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी पापलेटसह ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबीचा नियम काढला. नियमाच्या दुसऱ्या टोकाला आपण आहोत. परमुलखात एकत्र जमलो की मासळीच्या जेवणाची आठवण निघतेच. तेव्हा ताटातील मासा बोटाएवढा का, गाभोळीची हौस कोणत्या महिन्यात करावी, हे प्रश्न मच्छीमाराइतकेच खाणाऱ्यालाही लागू आहेत. पिलाला गिऱ्हाईक नसेल तर पिलासाठी जाळे टाकण्याचे कारण निम्मे संपते.

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? न धरलेली मासळी कोणाचीच नाही असे मानले की ती पहिल्या जाळ्याची होते. ती सरकारची आहे असे मानले की मच्छीमार तिचा चोर आणि कारकून तिचा पहारेकरी होतो, आणि हे दोन्ही वेष आम्हांस शोभत नाहीत. १९९६ साली कमलनाथ खटल्याचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हवा, समुद्र, पाणी, अरण्ये अशा संपत्तीचे शासन हे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व स्वीकारले. विश्वस्ताचा अर्थ असा की हिशेब द्यावा लागतो: मागे राहिलेल्यांनाही आणि पुढे येणाऱ्यांनाही. म्हणून संयम मागण्याचा अधिकार शासनाला आहे, पण तो तीन अटींवर आहे असे आम्ही मानतो. पहिली, बंधन सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे बलवानाला लागू व्हावे. दुसरी, जो थांबतो त्याच्या थांबण्याचा खर्च ज्यांना त्याचा लाभ होणार आहे त्या सर्वांनी उचलावा; दिवसाला १३१ रुपये ही त्या खर्चाची केवळ सुरुवात समजावी. तिसरी, आकडा ठरतो त्या बैठकीत मच्छीमाराला व त्याच्या घरातील बाईला जागा असावी. मासळी मोठी होती केव्हा आणि लहान झाली केव्हा, हे त्यांनी कोणत्याही नोंदवहीच्या आधी पाहिलेले असते.

मल्लिपट्टिणमजवळ सरफोजी राजांनी बांधलेला आठ मजली मनोरा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. नेपोलियन गेला, इंग्रज गेले, तंजावरचे राज्यही १८५५ साली संपले. त्याच मनोऱ्यापुढील समुद्रात, तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत, २०२२ साली ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगायीचे राखीव क्षेत्र घोषित झाले. बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोरीने सागरी गवत बांधून ते उजाड तळावर पुन्हा रुजविण्याचे प्रयोगही पाल्कच्या उपसागरात झाले आहेत. ह्या कामाचे स्मारक उभे राहणार नाही. ते यशस्वी झाले तर पाण्याखाली थोडे गवत दिसेल, त्यात काही पिले वाढतील, आणि पुढे कधीतरी एखादी लहान नाव किनाऱ्यापासून फार दूर न जाता भरून परत येईल. त्या नावेतील माणसाला आमची नावे ठाऊक असण्याचे काही कारण नाही.